दुसऱ्याच्या ओंजळीने

अमेरिकेतील लास व्हेगास हे शहर जुगाराच्या अड्ड्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. त्याच शहरात डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात 'ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस' या कंपनीची 'री:इन्व्हेंट' नावाची वार्षिक परिषद भरली. २०१२ साली सुरू झालेल्या या परिषदेस आता एखाद्या जागतिक यात्रेचे स्वरूप आले आहे. देशोदेशींचे अभियंते, व्यापारी, सरकारी अधिकारी आणि वार्ताहर तेथे हजारोंच्या संख्येने जमतात, व्यासपीठावरून एकामागून एक घोषणा होतात आणि श्रोते टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्वागत करतात. या वर्षीही तसेच घडले. कंपनीने स्वतः घडविलेली 'ट्रेनियम-३' ही नवी चिप, तशा १४४ चिप एकत्र जुंपणारे महायंत्र, 'नोव्हा-२' या नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी प्रारूपे, माणसाने मध्ये हात न घालता तासन् तास, किंबहुना काही दिवससुद्धा काम करीत राहतील असे 'एजंट' आणि ग्राहकाच्या स्वतःच्या जागेत उभारून द्यावयाचे 'एआय कारखाने', अशी घोषणांची लांबलचक माळ तेथे गुंफली गेली.

या घोषणांचे वृत्त आपल्याकडे ज्या रीतीने छापले गेले त्या रीतीविषयी प्रथम दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. एखाद्या कापड गिरणीने नवा माग आणला, तर त्या मागाचे कापड टिकते की नाही, त्याचा भाव काय आणि त्यामुळे किती मजुरांच्या पोटावर पाय येतो, हे प्रश्न पत्रकार विचारीत असत. संगणकाच्या बाबतीत मात्र कंपनीचे प्रसिद्धीपत्रक हीच बातमी, असा पायंडा पडत चालला आहे. या परिषदेत जे सांगितले गेले ते खोटे आहे असे आम्हाला म्हणावयाचे नाही. परंतु ते विकणाऱ्याने सांगितलेले आहे, आणि विकत घेणाऱ्याने कोणते प्रश्न विचारावेत हे विकणारा कधी सांगत नसतो. ते काम ग्राहकानेच करावयाचे असते. या बाबतीत ग्राहक म्हणजे कोणी मूठभर कारखानदार नव्हेत. आपले सरकार, आपल्या बँका, आपली विद्यापीठे, आपली रुग्णालये, आणि खिशात मोबाइल बाळगणारा प्रत्येक नागरिक हा या व्यापाराचा ग्राहक झालेला आहे.

'क्लाउड' हा शब्द ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते की आपली माहिती कोठेतरी अंतराळात तरंगत आहे. वस्तुतः या मेघात मेघासारखे काहीही नाही. विटा-सिमेंटच्या प्रचंड इमारती, त्यांत ओळीने रचलेली संगणकयंत्रे, ती थंड ठेवण्यासाठी अहोरात्र चालणारी शीतयंत्रणा आणि समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबल, असे हे अत्यंत पार्थिव प्रकरण आहे. त्यातील कल्पना इतकीच की, प्रत्येकाने स्वतःचा संगणक विकत घेऊन बसण्याऐवजी दुसऱ्याच्या मोठ्या संगणकशाळेतील हवी तेवढी शक्ती हव्या तेवढ्या वेळापुरती भाड्याने घ्यावी आणि वापराप्रमाणे पैसे मोजावेत. ही कल्पनाही नवी नाही. १९६१ साली जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेच्या शताब्दीप्रसंगी असे भाकीत केले होते की, टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. ते भाकीत व्यापारी स्वरूपात खरे ठरावयास पंचेचाळीस वर्षे जावी लागली. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने महिन्याला एका गिगाबाइटमागे पंधरा सेंट या दराने माहिती साठविण्याची सोय सुरू केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तासाला दहा सेंट भाड्याने संगणक द्यावयास आरंभ केला. पुस्तके विकणाऱ्या दुकानाने काढलेला हा जोडधंदा २०२४ साली १०७ अब्ज डॉलरांच्या उलाढालीपर्यंत पोहोचला आहे. आज ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तीन कंपन्यांच्या हाती जगातील या व्यापाराचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा आहे.

या कंपन्या स्वतःच्या सेवेची तुलना नेहमी विजेशी करतात. ती तुलना आम्हाला मान्य आहे. किंबहुना, मुंबईकराइतका तिचा अनुभव फार थोड्यांना असेल. मुंबईच्या गिरण्या पूर्वी आपापल्या बॉयलरवर आणि कोळशावर चालत. १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईस वीज मिळू लागली आणि गिरण्यांना स्वतःची वाफेची इंजिने बाळगण्याची गरज हळूहळू संपत गेली. प्रत्येकाने आपापली चूल पेटविण्यापेक्षा एका मोठ्या भट्टीवर सर्वांचे भागणे स्वस्त पडते, हा धडा मुंबईने तेव्हाच घेतला. संगणकाच्या बाबतीत आज तेच घडत आहे आणि त्यात उघड लाभ आहे, हे नाकारणे अडाणीपणाचे ठरेल.

या लाभाचे एकच उदाहरण पुरेसे आहे. २०२१ साली करोनाप्रतिबंधक लसीकरणासाठी उभारलेल्या 'कोविन' या व्यवस्थेवर अवघ्या देशाची झुंबड उडाली होती. १७ सप्टेंबर २०२१ या एका दिवसात अडीच कोटींहून अधिक मात्रा देण्यात आल्या आणि प्रत्येकीची नोंद झाली. ही व्यवस्था क्लाउडवर उभी होती. एवढी गर्दी पेलतील इतकी यंत्रे सरकारने विकत घ्यावयाची म्हटली असती, तर निविदा निघण्यातच साथ ओसरली असती, आणि गर्दी सरल्यावर ती यंत्रे धूळ खात पडली असती. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी जी मागणी येते ती वर्षातून एकदाच येते. त्या एका दुपारसाठी वर्षभराचा खर्च करणे कोणत्याही मंडळास परवडणार नाही. सांगली-साताऱ्याच्या एखाद्या होतकरू तरुणाला आज काही शे रुपयांत तीच यंत्रशक्ती भाड्याने मिळते, जी पूर्वी केवळ मोठ्या कंपन्यांना लाभत असे. हे या तंत्राचे खरे यश आहे आणि त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे.

तथापि विजेची तुलना एकदा स्वीकारली म्हणजे ती अर्ध्यावर सोडता येत नाही. वीज ही सार्वजनिक सेवा झाली ती केवळ तारा ओढल्यामुळे नव्हे. तिच्याभोवती कायदा उभा राहिला म्हणून ती सार्वजनिक सेवा झाली. आज वीज कंपनीला दर वाढवावयाचा झाला, तर तिला महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे अर्ज करावा लागतो. त्यावर जाहीर सुनावणी होते. पुण्याची 'प्रयास', मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्था तेथे हिशेबाच्या वह्या उघडून हरकती घेतात, आणि सामान्य ग्राहकालाही तेथे उभे राहण्याचा अधिकार असतो. पुरवठा तोडावयाचा तर त्याचे नियम आहेत, आधी नोटीस द्यावी लागते. आता क्लाउडकडे पाहा. दर कोण ठरवितो? कंपनी. सेवा बंद करावयाची की नाही हे कोण ठरवितो? कंपनी, किंवा तिच्या देशाचे सरकार. बिघाड झाला तर त्याची चौकशी कोण करतो? कंपनी. म्हणजे विजेचे महत्त्व या सेवेला आले, विजेवरील अंकुश मात्र आला नाही. आमच्या मते लास व्हेगासच्या घोषणांकडे पाहावयाचे ते या दृष्टीने.

त्या घोषणांचा मथितार्थ काय? पहिला असा की, या कंपन्या आता केवळ यंत्रे भाड्याने देऊन थांबणार नाहीत. चिप त्यांची, इमारत त्यांची, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप त्यांचे आणि त्यावर काम करणारा 'एजंट' हा कारकूनही त्यांचाच, अशी मुळापासून शेंड्यापर्यंतची मालकी त्या उभारीत आहेत. कालपर्यंत त्या जागा भाड्याने देत होत्या. आता त्या जागेत बसून करावयाचे कामही त्याच करून देणार आहेत. दुसरा अर्थ असा की, 'एआय कारखाने' ग्राहकाच्या आवारात बांधून देण्याची तयारी कंपनीने दाखविली, याचे कारण अनेक सरकारांनी आपली माहिती परक्यांच्या आवारात ठेवण्याबद्दल शंका व्यक्त केली आहे. म्हणजे ही शंका निराधार नाही, हे विक्रेत्यानेच मान्य केल्यासारखे आहे. तिसरा अर्थ परिषदेच्या तोंडावर, ३० नोव्हेंबर रोजी झालेल्या एका घोषणेत दडला आहे. ॲमेझॉन आणि गूगल या कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी आपापल्या क्लाउडांना थेट जोडणारा दुवा उभारण्याचे जाहीर केले. प्रतिस्पर्धी एकमेकांच्या वाड्याला दिंडीदरवाजा पाडून देतात तेव्हा काहीतरी घडलेले असते. काय घडले होते ते पाहू.

२० ऑक्टोबर २०२५. आपल्याकडे त्या दिवशी नरक चतुर्दशी होती. फराळाची ताटे आवरून घरोघरी दुपारची वामकुक्षी चालली असताना अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील ॲमेझॉनच्या संगणकशाळांत मोठा बिघाड झाला. कारण पाहू गेले तर क्षुल्लक होते. एका माहितीसाठ्याचा पत्ता नोंदवून ठेवणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या पायांत पाय घालून पडल्या आणि पत्त्याच्या जागी कोरा कागद उरला. यंत्रे शाबूत होती, माहिती शाबूत होती, परंतु तिच्यापर्यंत जाण्याची वाट पुसली गेली. त्यासरशी ब्रिटनमधील बँका आणि करखाते, संदेश पाठविण्याच्या सेवा, मुलांचे खेळ, एवढेच नव्हे तर ॲमेझॉनच्या स्वतःच्या घरगुती यंत्रणाही ठप्प झाल्या. सर्व पूर्ववत् व्हावयास सुमारे पंधरा तास लागले. पुढे नऊ दिवसांनी मायक्रोसॉफ्टच्या 'अझुर' सेवेची पाळी आली. भरवशाच्या म्हशीला टोणगा, म्हणतात ते हेच. सर्व काही केव्हा ना केव्हा बिघडतेच, हे तत्त्व ॲमेझॉनचे मुख्य तंत्रप्रमुख वेर्नर व्होगेल्स गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत. दोष तत्त्वज्ञानात नव्हता. जगाने आपली सर्व अंडी एकाच टोपलीत ठेवली, आणि टोपलीची पावती हातात आहे म्हणून निर्धास्त राहिले, हा खरा दोष.

मग परक्याचे नको, सरकारने स्वतःचेच क्लाउड उभारावे, असे कोणी म्हणेल. परंतु स्वदेशी हा शब्द उच्चारल्याने आग लागावयाची थांबत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी संगणकशाळेस आग लागली आणि सहाशेंहून अधिक शासकीय सेवा बंद पडल्या. शासकीय कर्मचाऱ्यांची कागदपत्रे जेथे साठविली जात ते ८५८ टेराबाइटांचे भांडार जळून गेले आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर म्हणविणाऱ्या देशाची ही कथा आहे. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील 'युनिसुपर' या निवृत्तिवेतन निधीचा गूगलच्या क्लाउडवरील सर्व कारभार एका चुकीच्या मांडणीमुळे पुसला गेला. सहा लाखांवर सभासदांच्या आयुष्याची पुंजी ज्यावर अवलंबून, तो कारभार! परंतु या निधीने दुसऱ्या एका कंपनीकडे स्वतंत्र प्रत ठेवलेली होती, म्हणून काही दिवसांच्या गैरसोयीवर निभावले. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे धडा स्पष्ट होतो. मालक स्वदेशी की परदेशी हा पहिला प्रश्न नव्हे. दुसरी प्रत आहे काय आणि ती वेगळ्या हातात आहे काय, हा पहिला प्रश्न होय.

स्वदेशीचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोही लहान नाही. गुजरातेत वाडीनार येथे 'नायरा एनर्जी' या कंपनीचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. या कंपनीत रशियाच्या 'रोसनेफ्ट'चा ४९ टक्क्यांहून अधिक वाटा असल्यामुळे युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या टपालाची आणि दैनंदिन कामकाजाची सेवा थांबविली. कंपनीचे म्हणणे असे की, या सेवेचे पैसे पूर्ण भरलेले होते, आणि भारताच्या कोणत्याही कायद्याने अशी बंदी घातलेली नव्हती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि काही दिवसांतच सेवा पूर्ववत् झाली. नायरा किंवा रोसनेफ्ट यांच्याविषयी कोणाचे काहीही मत असो. भारतातील कारखाना, भारतातील कर्मचारी, भारतातील कायदा, आणि तरीही त्यांचे टपाल बंद करण्याची कळ हजारो मैल दूर! ती कळ एकदा दाबली गेली याचा अर्थ ती पुन्हा दाबता येते.

यावर कंपन्यांचे एक ठरलेले उत्तर असते. ते म्हणजे, तुमची माहिती तुमच्याच देशात आहे. हे खरे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईतच आपली केंद्रे उघडली. देयकांच्या व्यवहाराची माहिती देशातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेशही आहे. परंतु माहिती कोठे ठेवली आहे हा एक प्रश्न, आणि ती कोणाच्या हुकमतीत आहे हा दुसरा. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये केलेल्या एका कायद्यानुसार अमेरिकन कंपनीच्या ताब्यातील माहिती, मग ती पृथ्वीच्या पाठीवर कोठेही ठेवलेली असो, अमेरिकन अधिकारी कायदेशीर मार्गाने मागू शकतात. योगायोगाने त्या कायद्याचे आद्याक्षरी नावही 'क्लाउड' असेच आहे. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या समितीपुढे मायक्रोसॉफ्टच्या तेथील विधी अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले की, फ्रेंच नागरिकांची माहिती अमेरिकेच्या हाती कधीच जाणार नाही अशी हमी आपण देऊ शकत नाही. त्याने खरे तेच सांगितले. तिजोरी आपल्या घरात आणि किल्ली सावकाराच्या कमरेला, अशी ही स्थिती आहे.

तिसरी अडचण बाहेर पडण्याची. क्लाउडमध्ये प्रवेश करणे फार सोपे असते, आरंभी सवलतीही भरपूर मिळतात. परंतु एखाद्या संस्थेचा सारा कारभार एका कंपनीच्या विशिष्ट पद्धतीने बांधला गेला म्हणजे तेथून उठणे अवघड होते. माहिती आत घालावयास पैसे पडत नाहीत, बाहेर काढावयास पडतात. हा आमचा संशय नव्हे. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या अंतिम निर्णयात नमूद केले आहे की, तेथील बाजारात ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांचा प्रत्येकी तीस ते चाळीस टक्के वाटा असून ग्राहकांना कंपनी बदलणे कठीण जाते. युरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, कंपनी बदलताना आकारावयाचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून तेथे पूर्णपणे बंद होणार आहे. हा कायदा येणार हे दिसताच २०२४ च्या आरंभी तिन्ही कंपन्यांनी कायमचे सोडून जाणाऱ्यांचे निर्गमनशुल्क माफ केले. कायद्याची नुसती चाहूल लागताच जे शुल्क माफ होते, ते अपरिहार्य होते असे कोण म्हणेल? आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु क्लाउडच्या ग्राहकाला एका दारातून निघून दुसऱ्या दारात जाण्याचा निर्वेध हक्क देणारी युरोपसारखी तरतूद आपल्याला अद्याप करावयाची आहे.

आता या मेघाच्या जमिनीवरील भाराकडे वळू. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ मधील अहवालानुसार जगातील संगणकशाळांनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या सुमारे दीड टक्का असलेला हा आकडा २०३० पर्यंत दुपटीहून अधिक होऊन ९४५ अब्ज युनिटांच्या घरात जाईल, असा अंदाज आहे. या वाढीचा मोठा वाटा भारताच्या आणि विशेषतः महाराष्ट्राच्या दारात येत आहे. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे ॲमेझॉनने महाराष्ट्रात २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर गुंतविण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये गूगलने विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरांची घोषणा केली. डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने भारतासाठी १७.५ अब्ज, तर लगेच दुसऱ्या दिवशी ॲमेझॉनने देशातील आपल्या सर्व व्यवसायांत मिळून २०३० पर्यंत ३५ अब्ज डॉलर गुंतविण्याचे सांगितले. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात ज्यांचे जाणे-येणे असते त्यांना खिडक्या नसलेल्या या भव्य इमारती परिचित आहेत. पूर्वी तेथे रासायनिक कारखान्यांची धुराडी होती, आज शीतयंत्रांची घरघर आहे.

गुंतवणूक यावी, तिचे स्वागतच आहे. परंतु मुंबई-खोपोलीची जी उजळ बाजू आम्ही वर सांगितली तिला दुसरी बाजूही होती. खोपोलीच्या यशानंतर टाटांनी मुळशी खोऱ्यात धरण बांधावयास घेतले, तेव्हा ज्या मावळ्यांची भातखाचरे बुडणार होती त्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, आणि त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' केले. धरण झाले, मुंबई उजळली, मावळे विस्थापित झाले. त्या विजेचा खरा दर कोणत्याही बिलात लिहिलेला नव्हता. आज कोणाची भातखाचरे बुडत नसतील, परंतु अहोरात्र वीज मागणाऱ्या या शाळांसाठी नवी केंद्रे आणि नव्या वाहिन्या कोणाच्या खर्चाने उभ्या राहणार? ज्या यंत्रणा थंडाव्यासाठी पाणी वापरतात त्यांना उन्हाळ्याच्या पाणीकपातीत किती पाणी मिळणार आणि वस्तीला किती? राज्याराज्यांत सवलती देण्याची चढाओढ लागली असताना हे प्रश्न विचारणारा विकासाचा शत्रू ठरतो. आम्हाला तसे वाटत नाही. हिशेब मागणे म्हणजे विरोध करणे नव्हे.

यानंतर या वर्गाच्या वाचकांना सर्वांत जवळचा प्रश्न येतो, तो मुलांच्या नोकऱ्यांचा. गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने जो पल्ला गाठला त्यात हिंजवडी, खराडी आणि ऐरोली येथील संगणक कंपन्यांचा वाटा फार मोठा आहे. शिक्षकाचा, कारकुनाचा, पोस्टमनचा मुलगा अभियंता झाला आणि घराचे नशीब पालटले. त्या मुलाचे पहिल्या दोन-चार वर्षांचे काम कोणते असे? आज्ञावलीतील लहान दोष शोधणे, तपासण्या करणे, रात्रपाळीत यंत्रणांवर लक्ष ठेवणे. लास व्हेगासमध्ये जाहीर झालेले 'एजंट' नेमकी हीच कामे करण्यासाठी घडविलेले आहेत. एक आज्ञावली लिहितो, दुसरा तिच्यातील सुरक्षेचे दोष शोधतो आणि तिसरा बिघाडावर पाळत ठेवतो. टाटा कन्सल्टन्सीने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे ठरविले. त्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता हे नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. तिचे म्हणणे मान्य करूनही प्रश्न उरतोच. जिन्याची खालची पायरीच काढून घेतली, तर वरच्या मजल्यावर उद्या पोहोचणार कोण? महाराष्ट्रातील गुंतवणुकीमुळे वर्षाला ऐंशी हजारांहून अधिक रोजगारांना आधार मिळेल, असा अंदाज ॲमेझॉनने वर्तविला आहे. ते बांधकामाचे, देखभालीचे आणि पुरवठ्याचे असतील, तर त्यांचेही मोल आहे. परंतु संगणकशाळा एकदा उभी राहिली म्हणजे तीत माणसे थोडी आणि यंत्रे फार असतात, हे कोणी विसरू नये.

तर मग करावयाचे काय? पाठ फिरविणे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. आमच्या मते राज्य सरकारने, महानगरपालिकांनी, सहकारी बँकांनी आणि विद्यापीठांनी काही साध्या गोष्टींचा आग्रह आजपासून धरला पाहिजे. क्लाउडच्या प्रत्येक करारात बाहेर पडण्याचे कलम पहिल्या पानावर असावे. माहिती किती दिवसांत, कोणत्या रूपात आणि किती खर्चात परत मिळेल हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. सार्वजनिक पैशाने केलेले हे करार जनतेला पाहावयास मिळावेत. महत्त्वाच्या प्रत्येक सेवेची दुसरी प्रत वेगळ्या जागी आणि वेगळ्या हातात असावी, आणि ती चालते की नाही याची वर्षातून एकदा प्रत्यक्ष कळ बंद करून परीक्षा घ्यावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती प्रत नव्हे, ती केवळ समजूत आहे. नागरिकांची माहिती गुप्तलिपीत ठेवावी आणि त्या लिपीच्या किल्ल्या सर्वस्वी भारतीय संस्थेच्या ताब्यात असाव्यात. मोठा बिघाड झाला तर त्याची चौकशी केवळ कंपनीवर न सोडता तिचा अहवाल भारतातील नियामकापुढे यावा. संगणकशाळांच्या विजेचा आणि पाण्याचा वापर दरवर्षी जाहीर व्हावा, आणि त्यांच्यासाठी उभारलेल्या वाहिन्यांचा बोजा घरगुती ग्राहकाच्या बिलात चोरपावलांनी येऊ नये, याकडे वीज आयोगाने लक्ष द्यावे.

आणि अखेरची गोष्ट शिक्षणाची. आपल्या महाविद्यालयांतून आज एकेका कंपनीची प्रशस्तिपत्रे मिळविण्याची घाई दिसते. कंपनीच्या बटणांची नावे पाठ करणे म्हणजे संगणकशास्त्र शिकणे नव्हे. बटणे दरवर्षी डिसेंबरात बदलतात, गणित बदलत नाही. ज्याला मूळ तत्त्वे येतात तो कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर काम करील, आणि वेळ पडल्यास स्वतःचे यंत्रही उभारील. हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक स्वतः घडविला होता. पुढे अमेरिकेने प्रगत 'क्रे' महासंगणक देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. तो जगातला सर्वांत मोठा संगणक नव्हता. परंतु तो आपल्याला करता येतो हे एकदा सिद्ध झाल्यावर नकार देणाऱ्याचा आवाज आपोआप खाली आला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांची कृत्रिम बुद्धिमत्तेची योजना मंजूर केली, तिच्यातून संशोधकांना आणि नवउद्योगांना स्वस्त दराने यंत्रशक्ती मिळू लागली आहे. तीन कंपन्यांच्या अब्जावधी डॉलरांपुढे ही रक्कम तुटपुंजी आहे. तरीही सौदा करावयास बसणाऱ्याच्या घरी थोडे धान्य असले, की त्याला पहिल्याच भावाला मान डोलवावी लागत नाही.

लास व्हेगासचा मेघ मोठा आहे आणि तो केवळ गर्जणारा नाही, पडणाराही आहे. त्याच्या पाण्यावर आपली पुष्कळ शेते भिजतील. ती भिजावीत. परंतु तहान लागली असता दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा मनुष्य ती ओंजळ केव्हा उघडेल याचा मालक नसतो. आपल्या विहिरीत थोडे पाणी, आपल्या हाती स्वतःचा पोहरा आणि करारात आपले कलम एवढे असले, तर कोणत्याही मेघाचे स्वागत ताठ मानेने करता येईल. एरवी दर डिसेंबरात आपण टाळ्या वाजवीत राहू, आणि बिल जानेवारीत येईल.